डोळा कॅमेऱ्यात, पाय जमिनीवर: मिररलेस घेऊन बाहेर पडताना

तीन वर्षांपूर्वी एका ओढ्यात मी गुडघा फोडून घेतला. पाणी जेमतेम घोट्याएवढं, सूर्य नुकताच मावळलेला, खडक काळे आणि त्यांवर शेवाळाचा पातळ थर. कॅमेरा डोळ्याला होता आणि फ्रेमच्या डाव्या कोपऱ्यात एक फांदी उगाच घुसत होती. ती टाळायला मी अर्धं पाऊल मागे सरकलो, एवढंच. टाच सटकली. कॅमेरा वाचवायला दोन्ही हात वर गेले, त्यामुळे टेकायला हातच उरला नाही आणि सगळा भार गुडघ्यावर आला. लेन्सचं हूड तुटलं, तो फोटोही हलला.

घरी आल्यावर एक गोष्ट लक्षात आली. व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतून, मला ते खडक छान उजेडात दिसत होते. कॅमेराच चित्र उजळून दाखवत होता. डोळा बाहेर काढून पाहिलं असतं तर कळलं असतं की एव्हाना इतकं अंधारलंय, की ओला दगड कुठला आणि कोरडा कुठला हे ओळखू येत नाहीये.

जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात आरसा आणि प्रिझममधून समोरचा खरा उजेड डोळ्यापर्यंत येतो. अंधार पडला की व्ह्यूफाइंडरही अंधारतो. मिररलेसमध्ये आरसा नाही. सेन्सरवर (फिल्मच्या जागी उजेड टिपणारा तुकडा) पडलेलं चित्र एका इवल्याशा पडद्यावर दिसतं. पॅनासॉनिकनं २००८ मध्ये मायक्रो फोर थर्ड्सचा (लहान सेन्सरची एक पद्धत) पहिला कॅमेरा आणला, सोनीनं २०१३ मध्ये फुल-फ्रेम (जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरचा), आणि २०१८ मध्ये कॅनन आणि निकॉनही फुल-फ्रेम मिररलेसमध्ये उतरले. तेव्हापासून हा पडदा बहुतेक हौशी फोटोग्राफरांच्या डोळ्याला लागलेला आहे. एक्स्पोजर आधीच दिसणं, फोकस कुठे बसलाय ते कळणं, हे त्याचे फायदे मोठेच. पण तो पडदा म्हणजे जमीन नव्हे. म्हणून मी सगळी तयारी एकाच हिशेबानं करतो: कॅमेऱ्याचं जेवढं काम घरी उरकता येईल तेवढं उरकायचं, म्हणजे बाहेर गेल्यावर लक्ष आजूबाजूला देता येतं.

पहिली पायरी: घरच्या घरी हात बसवा

आठवडाभर रोज दहा मिनिटं. खोलीतला दिवा बंद करा, कॅमेरा हातात घ्या आणि न बघता आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते) बदला, शटर स्पीड (किती वेळ उजेड आत घ्यायचा ते) दोन घरं खाली आणा, फोकस पॉइंट कोपऱ्यात न्या. पहिल्या दिवशी चिडचिड होते. चौथ्या-पाचव्या दिवशी अंगठा आपोआप योग्य चाकावर जातो. कड्याजवळ उभं राहून मेनूत काहीतरी शोधणारा माणूस स्वतःकडे बघत नसतो, म्हणून हा खटाटोप.

मग मोड डायलवरच्या कस्टम जागा, म्हणजे आपली सेटिंग साठवायच्या जागा, भरून ठेवा. बहुतेक बॉडीवर (लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) दोन-तीन तरी असतात. माझी वाटणी अशी आहे. पहिलीवर चालता-चालता काढायचे फोटो: ॲपर्चर प्रायॉरिटी (लेन्सचं तोंड किती उघडायचं ते आपण ठरवायचं, वेळ कॅमेऱ्यानं), एफ/८, ऑटो आयएसओ, कमाल मर्यादा ६४००, किमान शटर स्पीड १/२५० सेकंद. दुसरीवर हलणारे विषय: शटर प्रायॉरिटी (वेळ आपण ठरवायची), १/१००० सेकंद (उडत्या पक्ष्याला १/२०००), सलग फोकस, विषय ओळखण्याची सोय चालू, बर्स्ट (एका दाबात सलग फोटो) चालू. तिसरीवर ट्रायपॉड: मॅन्युअल, आयएसओ १००, एफ/११, दोन सेकंदांचा टायमर. ट्रायपॉडवर बॉडीतलं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) मी बंद ठेवतो. नवी मॉडेलं ट्रायपॉड स्वतः ओळखतात असं म्हणतात, पण जुन्या बॉडीत तेच स्टॅबिलायझेशन नसलेली थरथर शोधत बसतं आणि चित्र हलवतं.

ॲपर्चर एफ/२२ पर्यंत बंद करायचा मोह टाळा. क्रॉप सेन्सरवर (फुल-फ्रेमहून लहान) एफ/११ च्या पुढे आणि फुल-फ्रेमवर एफ/१६ च्या पुढे डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक तोंडातून जाताना उजेड पसरल्यामुळे, धार बोथट व्हायला लागते.

व्ह्यूफाइंडरची ब्राइटनेस ऑटोवर असेल तर ती मॅन्युअल करून एक-दोन घरं खाली ठेवा. संध्याकाळी डोळ्याला कमी फसवणूक होते. एक्स्पोजर मात्र पडद्याच्या उजेडावरून न ठरवता हिस्टोग्राम (चित्रातल्या गडद-उजळ भागांचा आलेख) बघून ठरवायचं. आलेख उजव्या भिंतीला आपटत असेल तर आकाश जळालं समजा. झेब्रा पट्टे चालू ठेवलेत तर कुठला भाग जळतोय हेही दिसतं.

इलेक्ट्रॉनिक शटरबद्दल थोडंसं. आवाज शून्य, त्यामुळे पक्षी-प्राण्यांसाठी उत्तम. पण बहुतेक सेन्सर चित्र ओळीओळीनं वाचतात, त्यामुळे वेगानं जाणारी वस्तू तिरकी येते आणि एलईडी दिव्याखाली पट्टे उमटतात. असं काही दिसलं की मेकॅनिकल शटरवर जायचं.

बॅटरी हे मिररलेसचं जुनं दुखणं. सेन्सर आणि पडदा सतत चालू, त्यामुळे प्रमाणित चाचणीत बऱ्याच बॉडी ३०० ते ५०० फोटोंच्या आसपास थांबतात. प्रत्यक्षात त्याहून जास्त निघतात, पण भरवसा त्याच आकड्यावर ठेवावा. वायफाय-ब्लूटूथ बंद, ऑटो-ऑफ एका मिनिटावर, आणि दोन जादा बॅटऱ्या. विमानानं जाणार असाल तर सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत. हातातल्या सामानात, टर्मिनलवर टोपी किंवा टेप लावून ठेवा. विमानात नेण्यासाठीची १०० वॉट-तासांची मर्यादा कॅमेऱ्याच्या बॅटरीला आडवी येत नाही. ७.२ व्होल्ट आणि २२८० मिलीॲम्पियर-तासांची बॅटरी साधारण १६.४ वॉट-तासांची होते.

लेन्स बदलायचा सरावही घरीच करा. आरसा नसल्यानं लेन्स काढली की सेन्सर उघडाच असतो. काही मॉडेलं बंद केल्यावर शटरचा पडदा ओढून घेतात, तशी सोय असेल तर चालू करा. बॉडी बंद, तोंड खाली, वाऱ्याकडे पाठ, नवी लेन्स मागचं झाकण सैल करून मांडीवर तयार. सराव झाला की पाच-सहा सेकंदांचं काम. धूळ किंवा तुषार उडत असतील तिथे लेन्स बदलूच नये.

दुसरी पायरी: परत किती वाजता फिरायचं

निघायची वेळ सगळे ठरवतात, परतीची कोणी ठरवत नाही. डोंगरात चालण्याचा एक जुना हिशेब आहे, विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये मांडलेला: सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास, आणि चढाईच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. सहा किलोमीटर चाल आणि ३०० मीटर चढ असेल तर साधारण पावणेदोन तास होतात. कॅमेरा गळ्यात असलेला माणूस दर वळणावर थांबतो, म्हणून मी सरळ दुप्पट धरतो: साडेतीन तास. आजवर हा अंदाज फारसा चुकला नाही.

सूर्यास्तानंतरचा निळा उजेड हवा असेल तर परतीची वाट अंधारातली आहे हे आधीच मान्य करा. सूर्य क्षितिजाखाली सहा अंश जाईपर्यंतच्या संधिप्रकाशात वाट दिसते. विषुववृत्ताजवळ हा काळ २०-२५ मिनिटांचाच असतो, ध्रुवांकडे जावं तसा लांबतो. हात लांब करून सूर्य आणि क्षितिज यांत किती बोटं मावतात ते मोजायचं, दर बोटाला पंधरा मिनिटं, ही युक्ती तुम्हीही ऐकली असेल. तिच्यावर विसंबू नका. सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो आणि लांब धरलेल्या बोटाची रुंदी साधारण दोन अंश असते. म्हणजे जिथे सूर्य सरळ खाली उतरतो तिथे एका बोटाला आठच मिनिटं मिळतात. तो तिरका घसरत जातो अशा उत्तर-दक्षिणेकडच्या प्रदेशांतच पंधरा मिनिटांचा हिशेब जुळतो.

निघण्यापूर्वी घरच्या एका माणसाला लेखी निरोप द्या. कुठे जातोय, गाडी कुठे लावणार, कुठल्या वाटेनं, किती वाजता परत, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर मदत बोलवायची. शेवटची वेळ सर्वांत महत्त्वाची, कारण ती नसली की घरचा माणूस “येईल, रमला असेल” म्हणत दोन तास थांबतो.

जागा राखीव असेल किंवा खाजगी असेल तर परवानगी आधी घ्या. हवामान आणि समुद्र असेल तर भरतीचं वेळापत्रक आदल्या रात्री बघा आणि सकाळी पुन्हा.

तिसरी पायरी: पिशवीत काय

एक बॉडी, एक झूम लेन्स, फार तर एक छोटी प्राइम (झूम नसलेली लेन्स). तीन लेन्स नेल्या की तीनदा बदलायचा मोह होतो, आणि उतरणीवर वजन तोल बिघडवतं. लेन्स बसवण्याची कडा आणि सेन्सर यांत आरशासाठी जागा ठेवावी लागत नाही (सोनीत १८ मिलिमीटर, निकॉन झेडमध्ये १६, निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये ४६.५), म्हणून मिररलेसची बॉडी सडपातळ असते. ती वाचलेली जागा चौथ्या लेन्सला देऊ नका. तिथे पाणी ठेवा.

हेडलॅम्प हवाच, लाल उजेडाचा असेल तर उत्तम. फोनचा टॉर्च हा हेडलॅम्प नव्हे. एक हात अडकतो आणि मदतीसाठी लागणारी बॅटरी जळते. शिट्टी, पॉवर बँक, चिकटपट्ट्या, रुंद क्रेप बँडेज, चकचकीत पातळ इमर्जन्सी ब्लँकेट, पावसाळी जॅकेट, दोन मोठ्या झिपच्या पिशव्या. बूट पकडीचे. कॅमेऱ्यासाठी वेदर सीलिंगवर फार भिस्त नको. तुषार सोसण्यापुरती ती ठीक, पण मोजून आयपी दर्जा (धूळ-पाणी रोखण्याचं प्रमाणित माप) सांगणाऱ्या बॉडी मोजक्याच आहेत. साधी प्लॅस्टिकची पिशवी आणि रबर बँड बऱ्याचदा जास्त कामाला येतो.

चौथी पायरी: पोचल्यावर दहा मिनिटं कॅमेरा बाहेर काढू नका

हे सर्वांत अवघड. उजेड सुंदर असतो, हात शिवशिवतात. तरी बसा. कुठून आलो आणि घाईनं निघावं लागलं तर कुठून निघणार, ते बघा. पायाखालचे दगड हलवून पाहा. पाणी वाढलं तर पहिल्यांदा कुठे चढेल? वरून दगड सुटले तर कुठे येतील? खाली ताजे, कडा न झिजलेले दगड पडलेले असतील तर वरून अजूनही येतात, तिथे थांबायचं नाही.

मग एक रेघ ठरवा. मी वाळकी काठी आडवी टाकतो. कड्यापासून निदान माझ्या उंचीएवढी अलीकडे, वाहत्या पाण्यापासून दोन मोठी पावलं अलीकडे. काठीच्या पलीकडे कॅमेरा डोळ्याला लावून जायचं नाही, एवढाच नियम.

आणि पावलांचा नियम. डोळा व्ह्यूफाइंडरला असताना पाय हलणार नाहीत. फ्रेम बदलायची तर कॅमेरा छातीशी घ्यायचा, खाली बघायचं, पाऊल टाकायचं, दोन्ही पाय घट्ट रोवायचे, मगच डोळा पुन्हा आत. सुरुवातीला हे कवायतीसारखं वाटतं. फांदी घुसत असेल तर झूमचं चाक फिरवा, किंवा सोडून द्या आणि नंतर क्रॉप करा. २४ मेगापिक्सेलमधून दहा टक्के गेले तर काही बिघडत नाही. वाइड लेन्सला तर आणखी जपा. १६ मिलिमीटरमधून दोन हातांवरची लाट दहा हातांवर वाटते.

मिररलेसचा एक मोठा उपयोग इथेच होतो. मागचा स्क्रीन वाकतो, त्यामुळे कॅमेरा कमरेपाशी धरून, गुडघा टेकून, डोळे मोकळे ठेवून फ्रेम जमवता येते. ट्रायपॉड कड्याजवळ लावून स्वतः मागे बसायचं आणि फोनवरच्या ॲपमधून शटर दाबायचं, हेही जमतं. उतारावर ट्रायपॉडचे दोन पाय खालच्या बाजूला आणि एक वर ठेवा. वारा असेल तर मधला दांडा वर काढू नका.

पाणी

पाण्यावर जास्त लिहितोय, त्याला कारण आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑक्टोबर २०११ ते नोव्हेंबर २०१७ या काळातल्या जगभरच्या बातम्या धुंडाळून सेल्फी काढताना झालेले २५९ मृत्यू मोजले गेले. त्यांत बुडून मरणारे सर्वांत जास्त होते. ते फोनवाले होते म्हणून आपण हसू नये. आपण तर दोन हात गुंतवून उभे असतो.

धबधब्याचं पाणी रेशमासारखं हवं असेल तर १/४ ते एक सेकंद पुरतो. तीस सेकंद ठेवलं तर नुसतं धुकं उरतं, मला ते आवडत नाही. उजेड जास्त असेल तर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) लावा. सहा स्टॉपचा (दर स्टॉपला उजेड निम्मा) फिल्टर उजेड ६४ पटींनी कमी करतो, म्हणजे १/६० सेकंदाचा साधारण एक सेकंद होतो. ओल्या खडकांवर पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) कमाल करतो. चमक निघून जाते, दगडाचा खरा रंग वर येतो. पण त्यातच खोच आहे. चमक हीच तर ओलेपणाची खूण. पोलरायझरमधून ओला दगड कोरड्यासारखा दिसतो, आणि नंतर तुम्ही त्याच दगडावर पाय ठेवायला जाता.

वाहत्या पाण्याची खोली फसवी, जोर त्याहून फसवा. वेगानं वाहणारं १५ सेंटिमीटर पाणीही धडधाकट माणसाला पाडू शकतं. ओलांडायचंच असेल तर कॅमेरा पिशवीत, पिशवीचे छातीचे आणि कमरेचे पट्टे सोडलेले, म्हणजे पडलात तर पिशवी टाकून देता येते. तोंड प्रवाहाकडे, हातात काठी, एका वेळी एकच आधार हलवायचा. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाला वाहत येऊ लागला, आवाज बदलला, तर वर कुठेतरी पाऊस झालाय. तुमच्या डोक्यावर निरभ्र आकाश असलं तरी. त्या क्षणी सामान न गोळा करता उंचावर जायचं. ट्रायपॉड राहू दे.

समुद्रावर पोचलात की निदान वीस मिनिटं लाटा बघा. एखादी मोठी लाट बऱ्याच वेळानं येते आणि नेहमीच्या ओल्या रेषेच्या कितीतरी वर चढते. काळे-ओले खडक म्हणजे लाट इथवर येतेच; तिथे उभं राहायचं नाही. समुद्राकडे पाठ करायची नाही, स्क्रीनवर फोटो बघतानासुद्धा. दोन भरतींत साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, आणि ओहोटी संपल्यावर पाणी एकसारखं चढत नाही: पहिल्या तासात थोडं, तिसऱ्या-चौथ्या तासात भराभर. खडकांच्या टोकावर गेलेले लोक त्याच मधल्या दोन तासांत अडकतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला हे उधाणानं होतं. कॅमेरा पाण्यात पडला तर त्याच्या मागे जाऊ नका. ओढ्यात आडवा झालो तेव्हा माझा पहिला विचार लेन्सचा होता, म्हणून हे लिहितोय.

वीज, ऊन, थंडी

वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत ऐकू आलं, म्हणजे दहा किलोमीटरच्या आत, तर लगेच पक्क्या इमारतीत किंवा बंद, धातूच्या छताच्या गाडीत जायचं. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं बाहेर यायचं नाही. एकट्या झाडाखाली, माथ्यावर, मोकळ्या मैदानात उभ्या केलेल्या ट्रायपॉडजवळ थांबू नका. विजेचे फोटो खिडकीतून काढा: आयएसओ १००, एफ/८, दहा-वीस सेकंदांचं एक्स्पोजर एकामागून एक. एखाद्यात सापडतेच.

सूर्याकडे मोठी लेन्स रोखून ठेवू नका. इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमुळे डोळा वाचतो, पण सेन्सर आणि शटरची पाती उघडी असतात आणि लेन्स भिंगाचं काम करते. वाटेत थांबलात तर झाकण लावा. सूर्यग्रहणाच्या खंडग्रास अवस्थेत लेन्सच्या पुढे, उजेड लाखपटीनं कमी करणारा सौर फिल्टर हवाच. साधे एनडी फिल्टर एकावर एक लावून ते काम होत नाही. ग्रहणाचा चष्मा घालून ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून बघणंही धोक्याचंच.

उन्हात डोकं दुखणं, मळमळ, गळून जाणं सुरू झालं तर सावली, पाणी, ओलं फडकं. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग भाजतंय, तर तो उष्माघात. अंगावर पाणी ओतत राहा आणि तातडीनं दवाखाना. थंडीत उलट. हात बटणांवर चुकू लागले, बोलणं अडखळलं, पाऊल धड पडेना, तर शरीर गार पडतंय. ज्याला होतं त्याला स्वतःला हे कळत नाही, म्हणून सोबत्याकडे बघत राहा. थंडीत बॅटरीही लवकर मान टाकते. जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा; गारठलेली बॅटरी उबेला ठेवल्यावर पुन्हा थोडी चालते, म्हणून फेकून देऊ नका.

प्राणी आणि पक्षी

प्राण्यानं चरणं थांबवून तुमच्याकडे पाहिलं की तुम्ही जास्त जवळ आहात. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात अस्वल, लांडगे आणि कूगर (प्यूमा) यांच्यापासून ९१ मीटर आणि बाकीच्या प्राण्यांपासून २३ मीटर लांब राहायचा नियम आहे. आकडे लक्षात राहत नसतील तर हात लांब करा, अंगठा उभा धरा, एक डोळा मिटा. अंगठ्याआड अख्खा प्राणी झाकला गेला तर अंतर ठीक. जवळचा फोटो हवा तर पायांनी जवळ जाऊ नका: क्रॉप सेन्सरवर ४०० मिलिमीटरची लेन्स ६०० सारखी चालते. फोकससाठी लागणारा नारिंगी दिवा आणि बीप बंद. घरट्याजवळ जायचं नाही, पानं बाजूला करायची नाहीत. पक्षीण उठली की अंडी गार पडतात आणि शिकाऱ्याला जागाही कळते.

मधमाश्या उठल्या तर तोंड-डोळे झाकून सरळ पळा, बंद जागेत शिरा. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घिरट्या घालत थांबतात. साप चावला तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. अंगठी-घड्याळ काढा, तो हात किंवा पाय हलू देऊ नका आणि लवकरात लवकर रुग्णालय गाठा. सापाचा फोटो मिळावा म्हणून त्याच्या मागे जाणारे लोक मी पाहिलेत. त्यांना काय म्हणावं?

रात्र

डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि कॅमेऱ्याच्या पांढऱ्या स्क्रीनकडे एकदा टक लावून पाहिलं की ती घालवायला काही सेकंद. स्क्रीनचा उजेड सर्वांत खाली, हेडलॅम्प लाल. चालताना मात्र पांढरा उजेडच लावा. ताऱ्यांसाठी डोळे जपायला जाऊन खड्ड्यात पडण्यात अर्थ नाही.

तारे रेघांसारखे लांबू नयेत म्हणून ५०० ला समतुल्य (फुल-फ्रेमच्या हिशेबातल्या) फोकल लेंथनं भागून येतील तेवढे सेकंद ठेवायचे अशी पद्धत आहे. क्रॉप बॉडीवर १६ मिलिमीटर म्हणजे २४. म्हणून साधारण २० सेकंद. आजच्या दाट पिक्सेलच्या सेन्सरवर तारे त्यातही लांबट दिसतात, त्यामुळे मी ३०० नं सुरुवात करतो, म्हणजे १२ सेकंद, एफ/२.८, आयएसओ ३२००. जागा दिवसा पाहिलेलीच निवडा. ट्रायपॉडच्या पायांना चमकणाऱ्या पट्ट्या चिकटवा आणि रात्री एकटे जाऊ नका.

रेल्वे रुळांबद्दल एकच हिशेब. ताशी १०० किलोमीटरनं येणारी गाडी २०० मीटर सात सेकंदांत कापते. व्ह्यूफाइंडरमध्ये ती लांब आहे असं वाटत असतानाच. रुळांवर फोटो काढायचे नाहीत.

काही झालंच तर

कॅमेरा खाली ठेवा किंवा टाकून द्या. मोबाइलवरून ११२ जगात बहुतेक ठिकाणी तातडीच्या सेवेला जोडला जातो, कार्डाला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या रेंजवरून बऱ्याचदा लागतो. आधी ठिकाण सांगा, मग काय झालं ते. फोन मध्येच तुटला तरी ठिकाण पोचलेलं असतं. फोन लागत नसेल तर मिनिटभरात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबा, पुन्हा सहा. रात्री हेच हेडलॅम्पनं. उत्तर म्हणून मिनिटाला तीन येतात.

परतल्यावर

थंडीतून उबदार घरात शिरण्याआधी, बाहेरच, कॅमेरा झिपच्या पिशवीत घालून तोंड बंद करा. दव पिशवीवर जमतं, लेन्सवर नाही. तासाभरानं काढा. समुद्रावरून आला असाल तर साध्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्यानं बॉडी पुसा आणि ट्रायपॉडचे पाय उलगडून धुवा. सांध्यात अडकलेलं मीठ आणि वाळू दोन महिन्यांनी त्रास देते. दमट दिवसांत लेन्स बंद कपाटात, कातडी पिशवीत ठेवू नका, बुरशी तिथेच धरते. ४०-५० टक्के आर्द्रतेचा कोरडा डबा आणि सिलिका जेल पुरतं. फोटो दोन ठिकाणी उतरवल्यावरच कार्ड कॅमेऱ्यात फॉरमॅट करा.

पण या सगळ्याच्या आधी, ज्याला निरोप ठेवला होता त्याला “पोचलो” एवढं कळवा. एकदा मी दारातच बसून लेन्सवरचं मीठ पुसत राहिलो आणि फोन पिशवीच्या तळाशी होता. वर पाहिलं तर बहीण गाडीची किल्ली हातात घेऊन फाटकातून आत येत होती. ठरलेल्या वेळेवर वीस मिनिटं झाली होती.